हातभर बाग

पुण्याच्या नकाशावरून नुसती नजर फिरवली तरी बागाच बागा दिसतात. तुळशीबाग, बेलबाग, रमणबाग, हिराबाग, मोतीबाग, सारसबाग. आज तुळशीबागेत तुळस शोधायला गेलात तर बांगड्या, पोळपाट-लाटणी आणि केसांच्या पिना मिळतील. रमणबाग म्हटले की शाळेची घंटा आठवते. बागा गेल्या, नावे राहिली. पण गंमत पाहा, तुळस आणि बेल हे आपल्या देवघरातले शब्द आणि 'बाग' हा फारसीतून आलेला. या दोघांची गाठ कुणी मारली ते कुणालाच ठाऊक नाही. पेशवाईतल्या पुण्याला ती खटकली नाही आणि आजच्या पुण्यालाही खटकत नाही. मराठीत कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला शब्दांचे हे एकत्र नांदणे फार आवडते.

माझे आजोळ बागवानांचे. बागवान म्हणजे मुळात बाग राखणारा. महाराष्ट्रात या नावाचा मुसलमान समाज पिढ्यानपिढ्या फळे आणि भाजीपाल्याच्या व्यापारात आहे. पुण्यात व्यवसायावरून आडनाव पडल्याचे सर्वात मोठे उदाहरण अर्थात जोतीराव फुल्यांचे. मूळ आडनाव गोऱ्हे. घराण्याचा धंदा फुलांचा, म्हणून फुले. ज्यांच्या घरावरून गंज पेठेला महात्मा फुले पेठ हे नाव मिळाले, त्यांच्याच नावाने आज मंडईही ओळखली जाते. तेव्हा या शहरात फुलझाड किंवा भाजी लावणे हा केवळ फावल्या वेळचा उद्योग नाही, त्याला जुनी परंपरा आहे. आता आपल्यापैकी बहुतेकांकडे अंगण नाही, परसही नाही. उरली आहे ती गॅलरी, खिडकीचा कठडा किंवा सोसायटीची गच्ची. आज बोलायचे आहे ते या हातभर बागेबद्दल.

लोक सुरुवात कुंडीपासून करतात. सुरुवात उन्हापासून करावी. एखाद्या रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत गॅलरीत ऊन कुठे येते, किती वेळ टिकते, हे घड्याळ लावून पाहा. टोमॅटो, वांगी, मिरची, भोपळा या फळभाज्यांना रोज सहा तासांच्या आसपास थेट ऊन हवे. मेथी, पालक, कोथिंबीर, पुदिना तीन-चार तासांवर भागवून घेतात. जिथे ऊनच नाही तिथे टोमॅटो लावला तर पाने येतील, फळ येणार नाही. आणि हे ऊनही वर्षभर एका जागी बसत नाही. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडे कललेला असतो, आणि डिसेंबरात तो दक्षिणेला खूप खाली उतरतो. म्हणून दक्षिणेकडच्या गॅलरीत थंडीत ऊन आतपर्यंत येते आणि जूनमध्ये जवळजवळ नाहीसे होते. दक्षिणायन-उत्तरायण हे पंचांगातले शब्द गॅलरीत असे प्रत्यक्ष भेटतात.

मग माती. आपली काळी माती काळ्या बेसॉल्ट खडकाची. शेतात ती सोन्यासारखी, पण कुंडीत एकटी घातली तर पाण्याने चिखल होते आणि वाळली की वीट होते. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, हे आपण विसरतो. म्हणून मातीत निम्म्याच्या आसपास पालापाचोळ्याचे खत, नारळाच्या शेंड्यांचा भुसा आणि थोडी वाळू मिसळावी. मूठ आवळली की गोळा व्हावा आणि बोटाने टिचकी मारली की फुटावा, अशी माती तयार झाली म्हणजे निम्मे काम झाले.

गच्चीवर बाग करणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करायला हवा. ओल्या मातीचा एक घनमीटर साधारण १,८०० किलो भरतो. म्हणजे गच्चीवर नुसता वीतभर, १५ सेंटिमीटर, मातीचा थर पसरला तरी दर चौरस मीटरला २७० किलो वजन झाले. माणसांच्या वावरासाठी असलेली गच्ची बांधताना जो वरचा भार धरतात तो चौरस मीटरला दीडशे किलोच्या घरातला असतो. तेव्हा गच्चीवर वाफे घालण्यापूर्वी इंजिनिअरला विचारावे, गळती होते का ते पाहावे, आणि शक्यतो माती कमी, पाला जास्त असे हलके मिश्रण वापरावे.

हे नवे नाही. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर गणिताचे शिक्षक. 'प्रयोग परिवार' या नावाने त्यांनी शेतकऱ्यांना आणि शहरातल्या माणसांनाही थोड्या जागेतल्या शेतीचे गणित शिकवले. हिरव्या पानावर पडणारे ऊन हेच खरे भांडवल, ते वाया जाऊ देऊ नका, हा त्यांच्या विचाराचा गाभा. त्यांच्याकडून स्फूर्ती घेऊन डॉ. आर. टी. दोशी यांनी मुंबईत वांद्र्याच्या गच्चीवर पिंपांत आणि प्लास्टिकच्या पिशव्यांत फळझाडे आणि भाज्या पिकवल्या, त्याही उसाच्या चिपाडांवर आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर. माती त्यात नावापुरतीच. शहरातल्या बागेचा कच्चा माल आपल्याच घरात तयार होतो, हे त्यांनी दाखवून दिले.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. आमच्या चौघांच्या घरात भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा असा अर्धा किलो तरी ओला कचरा रोज निघतो. वर्षाला १८० किलो. हा पूर्वी कुठे जात होता? पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या हद्दीत नेऊन टाकला गेला. २०१७ च्या एप्रिलमध्ये तिथल्या डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि शहरात ठिकठिकाणी कचरा साचला. आपल्याला नाकाला रुमाल लावावा लागला तो काही दिवस. त्या गावांनी तो वास आणि ते खराब झालेले विहिरींचे पाणी कित्येक वर्षे सोसले. आपण केळे खायचे आणि साल दुसऱ्याच्या दारात टाकायची, असा हा व्यवहार होता. कुंडीत जिरलेली साल निदान तेवढ्यापुरती तरी कुणाच्या दारात जात नाही. माझ्या लेखी घरच्या बागेचे सर्वात मोठे पीक हेच.

खत करण्याची रीत सोपी आहे. झाकणाची एक बादली घ्यावी, तिला बाजूने आणि तळाला भोके पाडावीत, खाली ताटली ठेवावी. तळाला वाळक्या पानांचा चार बोटे थर. त्यावर बारीक चिरलेला ओला कचरा, त्यावर पुन्हा दुप्पट वाळका पाला. विरजण म्हणून मूठभर जुने खत किंवा वाटीभर आंबट ताक. आठवड्यातून दोनदा खालीवर करावे. हे सारे काम करतात ते डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. त्यांना ओल्या कचऱ्यातून नत्र मिळते आणि वाळक्या पानातून कर्ब. नत्राच्या पंचवीस ते तीस पट कर्ब असला की त्यांचे नीट जमते. बादलीला वास येऊ लागला तर समजावे की ओले जास्त झाले आणि हवा कमी पडली. वाळका पाला घालावा, हलवावे, वास जातो. काहीच कुजत नसेल तर पाण्याचा हबका द्यावा. पिळलेल्या फडक्याइतका ओलावा पुरे. तेलकट उरलेले अन्न, मटणाची हाडे, मासळी यात घालू नये, उंदीर येतात. दोन महिन्यांच्या आसपास बादलीत काळे, भुसभुशीत आणि पहिल्या पावसासारख्या वासाचे खत तयार होते. तो वासही जमिनीतल्या सूक्ष्म जीवांचाच असतो. आणि वाळका पाला विकत आणायला नको. सोसायटीच्या आवारात झाडून गोळा केलेली पाने कुणी पेटवण्याआधी मागून घ्यावीत.

पाण्याविषयी. पुण्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. बाकीचे आठ महिने आपली झाडे खडकवासल्याच्या पाण्यावर जगतात, म्हणजे आपल्या पिण्याच्याच पाण्यात वाटेकरी असतात. म्हणून तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी कुंडीला द्यावे. फिल्टरमधून बाहेर पडणारे पाणी मात्र रोज देऊ नये, त्यात क्षार जास्त असतात आणि ते मातीत साठत जातात. पाणी घड्याळ पाहून घालायचे नसते. बोट मातीत दोन पेरे खुपसून पाहावे, ओल लागली तर राहू द्यावे. कुंडीतली झाडे तहानेपेक्षा लाडानेच जास्त मरतात. आणि एक महत्त्वाची गोष्ट, कुंडीखालच्या ताटल्या. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. दर आठवड्याला ताटल्या रिकाम्या करून घासून ठेवाव्यात. नुसते पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात.

आता वेळापत्रक. कवितेत मोगरा बारा महिने फुलतो, गॅलरीत नाही. मोगऱ्याला डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून विश्रांती द्यावी लागते, छाटणी करावी लागते, मग खत-पाणी दिले की उन्हाळ्यात तो भरभरून फुलतो. गुलाबाची छाटणी पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात. शेवंतीची गोष्ट तर फारच मजेची. ती फुलते दिवस लहान आणि रात्र मोठी झाल्यावर. रात्रीची लांबी ती मोजते असे म्हणा ना. तिच्या कुंडीवर रात्रभर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडत असेल तर तिला रात्र झाल्याचे कळतच नाही, झाड हिरवेगार राहते आणि कळी धरत नाही. अशा वेळी खत वाढवून उपयोग नाही, कुंडी अंधारात सरकवावी.

मृगाचा पाऊस पडला की दुधी, दोडका, कारले, भेंडी, गवार. दसऱ्याला झेंडू हवा असेल तर त्याचे बी जुलैत पडलेले असावे, कारण फूल यायला दोन महिन्यांच्या वर लागतात. हस्ताचा पाऊस ओसरला की टोमॅटो, मुळा, पालक. मेथी तर केव्हाही, फक्त कडक उन्हाळ्यात तिला सावली हवी. महिन्याभरात जुडी हातात येते. कोथिंबिरीचे धणे मात्र हलकेच रगडून त्याची दोन दळे करून पेरावेत, आणि उगवायला आठ-दहा दिवस लागतात म्हणून चौथ्या दिवशी माती उकरून पाहू नये.

वेल लावणाऱ्यांची एक तक्रार नेहमीची, 'फुले खूप येतात, पण गळून जातात.' घाबरू नका. भोपळ्याच्या वेलावर नर फुले आणि मादी फुले वेगळी असतात आणि आधी येतात ती नर फुले. ती गळायचीच. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढा इवलासा दुधी दिसतो, ती त्याची खूण. तो पिवळा पडून गळू लागला तर समजावे की पराग पोचला नाही. चौथ्या-पाचव्या मजल्यावर कीटक कमी येतात. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात. तेव्हा एक नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या मागे सारून, मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावा. तीन-चार दिवसांत तो इवलासा दुधी वाढू लागला की काम झाले. लाल भोपळ्याचे आणि काकडीचे हेच काम सकाळी करावे. त्यांची फुले सकाळची.

किडींचे म्हणाल तर कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली की कोवळ्या शेंड्याखाली पाहावे. तिथे मावा असतो. मावा रस शोषतो, गोड चिकट थेंब टाकतो आणि मुंग्या त्या गोडाच्या लोभाने माव्याची राखण करतात. प्रथम पाण्याच्या फवाऱ्याने मावा धुऊन काढावा. ठिपक्यांचा लाल ढालकिडा दिसला तर त्याला मारू नये, तो आणि त्याची पिल्ले मावाच खातात. एवढ्याने भागले नाही तर निंबोळीचा अर्क. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी गाळून चिमूटभर साबण मिसळावा आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारावा. जी कोथिंबीर उद्या आपल्या आमटीत पडणार तिच्यावर बाजारातले जहाल औषध मारायचे कशाला?

बी कुठून आणायचे? दुकानातले संकरित बी चांगले पीक देते, पण त्याचे बी धरून पुढच्या वर्षी पेरले तर झाड आईवर जाईलच असे नाही. देशी वाणाचे बी धरता येते, वाटता येते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशी जुनी बियाणी जपली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या बाईने घरात बियाण्यांची बँक उभी केली. आपण निदान एका वालाचे, एका भेंडीचे बी राखेत घोळवून बाटलीत ठेवू शकतो.

'देशी' म्हणताना मला मात्र नेहमी हसू येते. ज्या मिरचीशिवाय मराठी माणसाला जेवण गोड लागत नाही, ती अमेरिका खंडातली. पोर्तुगिजांच्या मागोमाग ती या किनाऱ्यावर उतरली, आणि आपण मिरीवरूनच तिचे नाव ठेवून टाकले. ज्ञानेश्वरांच्या काळात मिरचीचा ठेचा नव्हता. टोमॅटो, बटाटा, पेरू, पपई तिकडचेच. दसऱ्याला दारावर लावतो तो झेंडू आणि लग्नाच्या हारातला निशिगंध, दोघेही मूळचे मेक्सिकोतले. आज कुणी त्यांना गाव विचारत नाही. मातीला दाखला लागत नाही. ज्याने मूळ धरले, फूल दिले, तो तिचा.

आमच्या मजल्यावर समोरच्या काकूंच्या कठड्यावर तुळस आहे आणि आमच्याकडे सब्जा. फालुद्यात घालतो त्या बियांचा हा सब्जा. वनस्पतिशास्त्रात तुळस आणि सब्जा एकाच कुळीच्या, 'ऑसिमम' या प्रजातीच्या, सख्ख्या बहिणी. दोघींचा वासही बहिणींसारखाच, वेगळा पण ओळखीचा. आमच्याकडे कबरीवर सब्जा लावण्याची रीत आहे. अम्मी गेली तेव्हा रोप शोधायला कुठे जावे लागले नाही. तिनेच वाढवलेले गॅलरीत होते. आमच्यापैकी कुणाचा हात पुढे होईना, तेव्हा काकूंनी ते मुळासकट, मातीसकट अलगद काढले आणि ओल्या फडक्यात बांधून माझ्या हातात दिले. म्हणाल्या, "भाऊ, मूळ उघडे पडू देऊ नका." गणपतीत त्या जास्वंद आणि दूर्वा मागायला येतात त्याच हक्काने त्या दिवशी आत आल्या होत्या. हा हक्क कुंड्यांनी दिला. दार वाजवायला काही निमित्त लागते, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांकडे निमित्तेच कमी उरली आहेत.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या बागेवर कुणाचे घर चालत नाही. दहा कुंड्यांतून आठवड्याला एखादी जुडी, मूठभर मिरच्या, चार टोमॅटो, देवाला किंवा केसात माळायला ओंजळभर फुले, एवढाच हिशेब. पण ते चार टोमॅटो पिकायला तीन महिने लागले, दोन वेळा कीड आली, एकदा पाऊस झोडपून गेला, हे ज्याने पाहिले तो मंडईत भाजीवालीशी दोन रुपयांसाठी वाद घालताना जरा अडखळतो. त्या टोपलीमागे कुणाचे तरी तीन महिने आहेत, हे त्याला कळलेले असते.

ज्यांना पाहून शिकायचे आहे त्यांनी जानेवारीत एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन जरूर पाहावे. ती बाग सांभाळणारी संस्था १८३० पासूनची आहे. पण त्याची वाट पाहत थांबू नका. घरात एखादे फुटके घमेले असेल, डब्यात मूठभर मेथीदाणे असतीलच. रात्री भिजत घाला, सकाळी मातीवर पसरा, वर बोटभर माती भुरभुरा, हाताने पाणी शिंपडा. चौथ्या दिवशी हिरवी टोके वर येतील. त्यानंतर काय करायचे हे मला सांगावे लागणार नाही. तुम्हीच रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथे उभे राहाल.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)